चार भरीव गोळे आणि न जुळणारा वजनाचा हिशेब

लेथकरी (प्रश्न)

नमस्कार मंडळी. इथं नेहमी वाचत असतो, लिहायची मात्र पहिलीच वेळ. हिशेब अडलाय म्हणून लिहितोय.

मी टर्नर. ३१ वर्षं लेथवर, म्हणजे धातू फिरवून कापायच्या यंत्रावर, उभा आहे. मिलिमीटरचे शंभर भाग करून काम करायची सवय, पण ग्रॅमशी कधी संबंध आला नाही. जॉब मापात बसला की झालं, त्याचं वजन किती हे कोण विचारतंय?

आता भाचीनं विचारलं. नववीत आहे. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात घनता समजावून सांगायला तिला चार धातूंचे चार भरीव गोळे हवे होते. मी म्हटलं, एकाच मापाचे करतो, ओळीनं मांडले की छान दिसतील. तर म्हणाली, "नको मामा. एका मापाचे असले की कोणीही सांगेल शिशाचा जड म्हणून. उचलून बघितल्यावरसुद्धा उत्तर चुकलं पाहिजे." मग वेगवेगळ्या मापांचे केले:

ॲल्युमिनियम, व्यास ६० मिमी
पोलाद (साधं माइल्ड स्टील), व्यास ४२ मिमी
पितळ, व्यास ४० मिमी
शिसं, व्यास ३६ मिमी

पहिले तीन बारमधून काढले. बॉल टर्निंगची अटॅचमेंट मीच बनवलेली आहे. पार्टिंग झाल्यावर, म्हणजे गोळा बारपासून तोडल्यावर, जे टोक उरतं ते हातानं घासून काढलं. मायक्रोमीटरनं तिन्ही बाजूंनी व्यास घेतलेत, ०.०३ मिमीच्या वर फरक नाही. शिसं काही लेथवर नीट कापलं जात नाही, टूलला चिकटून बसतं. म्हणून दोन अर्ध्या वाट्यांचा साचा केला आणि त्यात ओतलं. शिवणीवर आलेली धार कानशीनं काढली.

गोळे झाल्यावर एकेक हातात घेऊन बघितला. शपथेवर सांगतो, शिशाचा सगळ्यात जड लागत होता आणि ॲल्युमिनियमचा सगळ्यात हलका. भाचीला तसं छातीठोक सांगूनही टाकलं. मग काट्यावर ठेवले. काटा १ ग्रॅमपर्यंत दाखवतो.

ॲल्युमिनियम ३१८ ग्रॅम. पोलाद ३०४. पितळ २८५. शिसं २६६.

बरोब्बर उलटा क्रम! भाची हसतेय आणि मी काट्याखाली काही अडकलंय का ते बघतोय.

मग तिनं वहीत गणित मांडलं. गोळ्याचं घनफळ काढायचं आणि घनतेनं गुणायचं. पोलादाचं ३०४.५ आलं, पितळेचं २८४.८. दोन्ही काट्याशी जुळले. पण ॲल्युमिनियमचं ३०५.४ येतं, म्हणजे काटा जवळजवळ १३ ग्रॅम जास्त दाखवतोय. आणि शिसं २७७ भरायला हवं ते ११ ग्रॅम कमी भरतंय. काटा बिघडला असता तर चारही चुकले असते ना? एक वर, एक खाली, दोन बरोबर, हे कसं?

तर प्रश्न दोन. पहिला, एवढं सगळं न मांडता कुठला गोळा जड निघेल हे ताडायची काही युक्ती आहे का? दुसरा, हे १३ ग्रॅम आले कुठून आणि ते ११ गेले कुठं?

भाचीनं घनता धरल्यात त्या अशा: २.७०, ७.८५, ८.५ आणि ११.३४ ग्रॅम प्रति घनसेंमी.


पाय_छेद_सहा

भाचीला शाबासकी द्या, गणित चोख आहे. पहिल्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे आहे, दुसऱ्याचं अर्धंच.

गोळ्याचं घनफळ म्हणजे ४/३ गुणिले पाय गुणिले त्रिज्येचा घन. नुसतं कोण जड एवढंच ठरवायचं असेल तर ४/३ आणि पाय दोन्ही सोडून द्या. चारही गोळ्यांना ते सारखेच लागू आहेत. व्यासाचा घन करा आणि घनतेनं गुणा, बस्स. सेंटीमीटरमध्ये घेतलं तर ॲल्युमिनियमचे ५८३, पोलादाचे ५८२, पितळेचे ५४४ आणि शिशाचे ५२९ येतात. हे ग्रॅम नव्हेत, पण क्रम कळला. ग्रॅमच हवे असतील तर शेवटी एकदाच ०.५२३६ नं गुणायचं. पाय भागिले सहा म्हणजे तोच आकडा. (माझं इथलं नाव त्याच्यावरूनच.)

दोनच गोळे असले तर त्याहून सोपं. शिसं ॲल्युमिनियमच्या किती पट दाट? ४.२ पट. तुमचा ॲल्युमिनियमचा गोळा आकारानं शिशाच्या किती पट? डोळा म्हणतो, ६० आणि ३६, दुप्पटसुद्धा नाही. पण ६० भागिले ३६ म्हणजे १.६७ आणि त्याचा घन ४.६३. आकाराचे ४.६३, घनतेचे ४.२. आकार जिंकला. तुम्ही तो गोळा ५८ मिमीचा केला असता तर जवळपास बरोबरी झाली असती. वरच्या दोन मिलिमीटरांनी निकाल फिरवला. गोळ्याच्या बाबतीत डोळा नेहमी फसतो, कारण त्याला दिसते ती रुंदी, आणि वजन जातं रुंदीच्या घनानं.

सूत्र पाठ होत नसेल तर तुमच्याच कामातली गोष्ट सांगतो. ६० मिमी व्यासाचा बार ६० मिमी लांब कापला आणि त्यातून बसेल तेवढा मोठा गोळा काढला, तर बरोबर दोन तृतीयांश धातू गोळ्यात राहतो आणि एक तृतीयांशाचा कीस होतो. बारचा व्यास काहीही असो. हे आर्किमिडीजनं सिद्ध केलं आणि त्याला ते इतकं आवडलं होतं की आपल्या थडग्यावर वृत्तचिती आणि तिच्यातला गोल कोरा असं त्यानं सांगून ठेवलं होतं म्हणतात. आपल्याकडे भास्कराचार्यांनी ११५० च्या लीलावतीत वेगळ्या वाटेनं तेच दिलंय. गोलाचं पृष्ठफळ काढा, व्यासानं गुणा, सहानं भागा.

आता तुमचे १३ ग्रॅम. मला आधी व्यासाची शंका येते. व्यासात १ टक्का चूक झाली की वजनात ३ टक्के होते. ३०५ चे ३१८ व्हायला व्यास ६०.८ मिमी असला की पुरे. परत एकदा मोजाल का?


लेथकरी

सर, तुमचा तो कीस वाचून थक्क झालो. इतकी वर्षं ट्रेमधला कीस झाडतोय, त्याचा असा हिशेब असेल हे डोक्यात आलं नव्हतं.

पण ०.८ मिमी? अहो, ०.८ मिमी चुकवला तर मला लेथला हात लावायचा अधिकार नाही. तुमच्या समाधानासाठी परत मोजला. ६०.०१, ६०.०२, ६०.००. व्यास बाद करा.


गोळाफेकू

नाव बघून हसू नका, मी खरंच गोळाफेक करायचो. हा हिशेब आमच्या खेळात रोजचा आहे.

पुरुषांचा गोळा ७.२६ किलोचा आणि नियमानं त्याचा व्यास ११० ते १३० मिमीच्या मध्ये हवा. भरीव पोलादाचा केला तर साधारण १२१ मिमीचा होतो. पण काहींना लहान गोळा हातात बरा बसतो, त्यांना ११० चा हवा असतो. ११० मिमीचा भरीव पोलादी गोळा भरतो साडेपाच किलोच्या आसपास. उरलेले पावणेदोन किलो कुठून आणणार? म्हणून बाहेर कवच एका धातूचं आणि आत शिसं किंवा त्याहून दाट काहीतरी भरतात. सरासरी घनता १०.४ वर न्यावी लागते. थोडक्यात, बाहेरून पोलाद दिसतंय म्हणून ७.८५ नं गुणलंत की फसलात.

तुमच्या गोळ्यात असं काही नसणार, तुम्हीच केलाय. पण "भरीव" आणि "एकाच धातूचा" या दोन गोष्टी आपण गृहीत धरतो, तिथंच एकदा टोकून बघा एवढंच म्हणतो.


ओतारी

गोळाफेकूंनी नेमकी नस पकडलीय. लेथकरी, तुमचे दोन्ही घोळ माझ्या धंद्यातले आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी ॲल्युमिनियम. बाजारात "ॲल्युमिनियमचा बार" म्हणून जे येतं ते शुद्ध ॲल्युमिनियम क्वचितच असतं. मिश्रधातू असतो, आणि कुठला ते बघावं लागतं. ६०६१ नंबरचा असेल तर घनता २.७० च, भाचीचं गणित बसतं. २०२४ नंबरच्यात तांबं असतं, त्याची घनता २.७८ ला जाते. ७०७५ नंबरच्यात मुख्यतः जस्त, त्याची २.८१. तुमच्या ६० मिमीच्या गोळ्याचं घनफळ ११३.१ घनसेंमी, त्याला २.८१ नं गुणून बघा. ३१७.८!

एक सांगा, तो बार कापताना कीस कसा येत होता? लांबलचक दोऱ्यासारखा गुंतत होता की बारीक तुकड्यांत तुटत होता? आणि फिनिश एकदम चकचकीत आला का?

आता शिसं. इथं संशयित दोन. पहिला अँटिमनी नावाचं मूलद्रव्य. कडक शिशात ती मुद्दाम घालतात, आणि तिची घनता ६.७ च्या आसपास, त्यामुळे मिश्रण हलकं होतं. ६ टक्के अँटिमनी असली तरी घनता १०.९ वर उतरते, आणि तुमच्या गोळ्याची तेवढीच येतेय. त्यामुळे आकड्यावरून हा संशयित सुटत नाही. पण तो नखानं ओळखता येतो. मऊ शिशावर नखाचा ओरखडा सहज उमटतो, कडक शिशावर उमटता उमटत नाही.

दुसरा संशयित पोकळी, आणि माझा पैसा हिच्यावर. शिसं गोठताना साधारण साडेतीन टक्के आकसतं. त्यात ओतताना गरजेपेक्षा जास्त तापलेलं असलं तर गोठायच्या आधीच आणखी थोडं आकसतं. ही तूट भरून काढायला वरच्या तोंडातून पातळ शिसं खाली येत राहायला हवं. तुमच्या साच्याचं तोंड अरुंद असेल आणि साचा गार असेल, तर तोंडातलं शिसं आधी गोठतं. वाट बंद. आतला भाग नंतर गोठतो, आकसतो, आणि मध्ये भोक सोडतो. बाहेरून गोळा अगदी गुळगुळीत! तुमचे ११ ग्रॅम म्हणजे जेमतेम १ घनसेंमी शिसं. गोल पोकळी धरली तर १२ मिमी व्यासाची.

एक विनंती. शिसं ओताल तेव्हा उघड्यावर ओता, आणि तो गोळा पोरांच्या हातात द्यायच्या आधी त्याला वॉर्निशचे दोन हात द्या. हाताळून झालं की हात धुवायचेच.


पाय_छेद_सहा

ओतारींनी माझं उरलेलं अर्धं उत्तर देऊन टाकलं. व्यासावर संशय घेतला त्याबद्दल लेथकरींची माफी मागतो.

पण मिश्रधातूचा अंदाज आहे तो पडताळता येईल, तोही याच काट्यावर. भाचीला करू द्या. रुंद तोंडाच्या भांड्यात पाणी घ्या, भांडं काट्यावर ठेवा, आकडा शून्य करा. गोळा दोऱ्यानं बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला किंवा बाजूला टेकू देऊ नका. दोरा हातात धरून ठेवा. काट्यावर जो आकडा येईल तेवढे घनसेंमी गोळ्याचं घनफळ. पाणी गोळ्याला जेवढं वर ढकलतं तेवढंच गोळा पाण्याला खाली दाबतो, आणि तो दाब काट्याला जाणवतो. गोळ्याचं स्वतःचं उरलेलं वजन दोरा पेलतो. त्यामुळे गोळा कशाचा आहे यानं काही फरक पडत नाही. पाण्याचा ग्रॅम म्हणजे एक घनसेंमी, खोलीच्या तापमानाला त्यात नगण्य फरक.

शिशाच्या गोळ्यावर मात्र हे करत बसू नका. त्याचं घनफळ अवघं २४.४, आणि तुमचा काटा अर्धा ग्रॅम इकडेतिकडे करणार. तेवढ्यात उत्तर १०.७ पासून ११.१ पर्यंत कुठंही जाईल. तिथं काट्यापेक्षा तुमचा मायक्रोमीटर जास्त विश्वासाचा. तसंही पाणी आतली पोकळी आणि अँटिमनी यांत फरक करू शकत नाही, दोन्हींत गोळा बाहेरून तेवढाच.

पोकळीसाठी दुसरी परीक्षा आहे. सपाट काच घ्या, लेव्हल लावून आडवी करा, त्यावर गोळा हलकेच डुलवून सोडा. थांबला की माथ्यावर मार्करनं ठिपका करा. असं दहा वेळा, दर वेळी वेगळ्या बाजूनं. भरीव गोळा कुठंही थांबेल. पोकळी एका बाजूला असेल तर ती बाजू वर येऊन बसेल. पोकळी नेमकी केंद्रात असली तर ही परीक्षा हरली.


निवांत_वाचक

धागा मस्त चाललाय. अवांतर भर घालतो.

लेथकरींना शिसं हातात जड लागलं यात त्यांची चूक नाही. सारख्या वजनाच्या दोन वस्तूंमध्ये लहान वस्तू जड भासते, हा भ्रम शार्पांतिए नावाच्या फ्रेंच संशोधकानं १८९१ मध्ये प्रयोग करून मांडला. गंमत म्हणजे दोन्ही काट्यावर ठेवून खात्री केली तरी तो जात नाही. डोक्याला कळतं, हाताला कळत नाही. तुमच्या बाबतीत तर मोठा गोळा सारखा नव्हे, चांगला पन्नास ग्रॅमनं जड आहे आणि तरीही हात शिशालाच जड म्हणतोय.

भाचीला सांगा, निम्म्या लोकांना डोळ्यांवर पट्टी बांधून, गोळे तळहातावर न ठेवता सारख्याच दोन पिशव्यांत घालून उचलायला द्यायचे. आकार कळला नाही की उत्तरं बदलतात का ते बघायचं. घनतेच्या प्रयोगाला जोडून हा एक फुकटचा प्रयोग.


गोळाफेकू

भाचीला पाचवा गोळा हवा असेल तर टंगस्टनचा करा. घनता १९.२५. तीनशे ग्रॅमला ३१ मिमी. सोन्याचाही साधारण तेवढाच, पण तो प्रदर्शनात मांडला तर गोळ्यापेक्षा राखणदाराचीच चर्चा व्हायची.


लेथकरी

टंगस्टन? माझी सगळी टूलं घालवाल. राहू द्या.

सगळ्यांचे मनापासून आभार. आता निकाल ऐका.

पाण्याचा प्रयोग भाचीनं केला. दोरा काही गोळ्यावर थांबेना, सारखा निसटायचा. शेवटी मी बारीक तारेची चौकट वाकवून दिली, तीत गोळा बसला. काट्यावर आकडा आला ११३. तिनं तीनदा केलं, तिन्ही वेळा ११३. म्हणजे मापाला धक्का नाही. ३१८ भागिले ११३, २.८१. ओतारी, तुमचा ७०७५! कीस बारीक तुटत होता आणि फिनिश आरशासारखा आला होता. मी मनात म्हणत होतो, आज टूलची धार काय सुरेख लागलीय. धार कसली, बारच तसा होता. शिल्लक सामानातला तुकडा उचलला होता, कुठला ग्रेड ते कोणी विचारलं नाही आणि कोणी सांगितलं नाही.

शिशावर नख फिरवलं, ओरखडा स्वच्छ उमटला. मग काच मांडली. पहिल्यांदा गोळा थांबला तिथं ठिपका केला. दुसऱ्या वेळी ठिपका खाली धरून सोडला, गोळा हळूच वळला आणि ठिपका परत वर. दहापैकी नऊ वेळा ठिपका माथ्यावर किंवा त्याच्या आसपास. दहाव्या वेळी शिवण टेकली आणि तिथंच अडकला, मी कानस नीट मारली नव्हती. भाची म्हणाली, "मामा, याला झोप आली की हा एकाच कुशीवर झोपतो."

ठिपका कुठं आला होता माहितीय? साच्याचं तोंड जिथं होतं त्याच्या बरोबर खाली.

आता राहवेना. गोळा व्हाइसमध्ये धरला, जबड्यांना लाकडाच्या चकत्या लावल्या आणि ठिपक्यातून हॅकसॉ चालवला. शिसं करवतीच्या दातांत भरतं, दर दोन मिनिटांनी ब्रश मारावा लागला. दोन अर्ध्या झाल्या आणि आत भोक! मध्यापासून जरा वर, तोंडाच्या बाजूला. करंगळीचं टोक जाईल एवढं, पण गोल नाही. आतली भिंत खडबडीत, बारीक काटे आल्यासारखी, आणि बाहेरच्या करड्या शिशापेक्षा चमकदार. मी इतकी वर्षं धातू कापतोय, आतून असा कधी बघितला नव्हता.

नवा गोळा ओतला. साचा आधी तापवून घेतला, तोंड दुपटीनं रुंद केलं आणि वर चांगला बोटभर उंच गळा ठेवला, म्हणजे त्यातलं शिसं शेवटी गोठेल. झालंही तसंच, गळ्याच्या वरच्या टोकाला खळगा पडला, गोळा मात्र वाचला. गळा कापून, घासून, मापात आणून काट्यावर ठेवला: २७६. काचेवर मनाला येईल तिथं थांबतो.

वॉर्निश लावून वाळत घातलाय. भाचीनं तक्त्यावर ॲल्युमिनियमची घनता खोडून २.८१ लिहिली. कापलेल्या दोन अर्ध्या मी परत वितळवणार होतो, तिनं हातातून काढून घेतल्या. म्हणतेय, त्याही वॉर्निश करून दे, टेबलावर मांडायच्या. सगळ्यांचं उत्तर चुकून झालं की मग दाखवायच्या.